भोईरसाहेबांची चाळीस वर्षं

भोईरसाहेबांना कुणीही भेटलं की ते हात जोडायचे आणि हात खाली येण्याआधीच विचारायचे, "तुम्हाला कांजिण्या कधी आल्या होत्या?" समोर तहसीलदार असो, उत्तनहून मासळी घेऊन आलेली बाई असो, नाहीतर मांडवात पाया पडायला वाकलेली नवी नवरी असो, प्रश्न तोच. एका लग्नात नवरीनं घाबरून सासूकडे पाहिलं आणि सासूनं व्याह्यांकडे, आपल्यापासून काही लपवलंय की काय अशा नजरेनं. ते निस्तरायला साहेबांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, अर्धा तास लागला. साहेब तोवर पंगतीत बसून शेजारच्या माणसाचं वय लिहून घेत होते.

तेरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं. त्यातली निम्मी वर्षं मी त्यांच्यावर वैतागलेली होते आणि उरलेली निम्मी तो वैताग लपवत होते.

चौसष्ट साली मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते. आम्ही मूळचे राजापूरकडचे. ताईचं लग्न होऊन ती भाईंदरला नवघरात राहायची, तिच्याकडे मी आले. मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत विषाणूंच्या विभागाला तंत्रज्ञ हवा होता. मुलाखतीला तिघं बसले होते. दोघांनी रीतसर प्रश्न विचारले. तिसरे डॉ. भोईर. सावळे, उंच, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. त्यांनी कांजिण्यांचं विचारलं. मी म्हटलं, "सात वर्षांची असताना, शिमग्याच्या आधी."

"आधी म्हणजे किती दिवस?"

"ते आठवत नाही."

"आईला पत्र लिहून विचारा."

नोकरी हातची गेली असं समजून मी घरी आले. आठवड्यानं नेमणुकीचं पत्र आलं. पहिल्या दिवशी साहेबांनी ना बसा म्हटलं ना काम सांगितलं. म्हणाले, "आईचं उत्तर आलं का?"

साहेब नवघरच्या जुन्या आगरी घराण्यातले. वडिलांचं मिठागर होतं, थोडी भातशेती होती. ह्या घरातला मुलगा शिकून डॉक्टर झाला तेव्हा गावाला वाटलं, आता दवाखाना निघेल. दवाखाना निघाला नाही. मुलगा दिवसभर मुंबईला काचेच्या बाटल्यांत काहीतरी वाढवतो आणि सुट्टीच्या दिवशी सायकलवरून लोकांची दुखणी विचारत हिंडतो, औषध मात्र देत नाही, हे लोकांना कधीच पटलं नाही. साहेब मला सावंतबाई म्हणत आणि माझ्याशी पुस्तकी मराठीत, अहो-जाहो करून बोलत. पण चिडले किंवा खूश झाले की घरची बोली बाहेर पडायची आणि सावंतबाईची एकदम "पोरी" व्हायची. मी कशाचीही घाई केली की म्हणायचे, "घाई कुनाला हाय? विषाणूला न्हाय, मला न्हाय. मंग तुला कशाची?"

हा विषाणू खरोखरच घाई न करणारा होता. कांजिण्या येतात, पंधरा दिवसांत जातात, मूल खेळायला लागतं, आई विसरून जाते. पण साहेबांचं म्हणणं, विषाणू गेलेला नसतो. तो पाठीच्या कण्याजवळ, नसांच्या मुळाशी जाऊन बसतो. तीस वर्षं, चाळीस वर्षं तो तिथे गप्प असतो. माणूस म्हातारा झाला, खचला, की तोच विषाणू नसेच्या वाटेनं बाहेर येतो आणि अंगावर पट्ट्यासारखे फोड उठवतो. त्याला आपण नागीण म्हणतो. "दिसत नाही म्हणजे गेला, असं नाही," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की पुढे घरात चमचा हरवला तरी मला तेच आठवायचं.

हे सिद्ध करायचं तर नागिणीचे रोगी हवेत आणि त्यांच्या घरात नंतर काय होतं ते कळायला हवं. म्हणून नवघर, मुर्धा, राई, डोंगरी अशा गावांतल्या घरांची नोंद आम्ही ठेवत होतो. आम्ही म्हणजे बहुतेक वेळा मी. रविवारी वह्या घेऊन निघायचं, उन्हात बांधावरून चालायचं, एकेक घर विचारायचं. घरात कुणाला नागीण झाली? कधी? नंतर मुलांना कांजिण्या आल्या का? लोक गेरू लावून, मंत्र घालून घेऊन बरे झालेले असायचे. तोंड आणि शेपूट जुळलं असतं तर माणूस गेला असता, हे मला प्रत्येक घरात नव्यानं सांगितलं जायचं आणि साहेबांच्या हुकमावरून मी ते प्रत्येक वेळी लिहून घ्यायची. एका घरी जाऊन आले की साहेब वही वाचायचे आणि म्हणायचे, "फोड उजवीकडे होते की डावीकडे?" मी ते विचारलेलं नसायचं. पुढच्या रविवारी त्याच घरी परत.

एकदा मात्र मीसुद्धा थक्क झाले. मुर्ध्याच्या पलीकडे मिठागराच्या बांधावर एक कुटुंब हंगामापुरतं खोपटं बांधून राहत होतं. चारी बाजूंना खारट पाणी, जवळ दुसरं घर नाही. खोपटातल्या म्हाताऱ्याला नागीण झाली आणि तीन आठवड्यांत त्याच्या दोन्ही नातवांना कांजिण्या आल्या. मुलं महिनाभर बांधावरून हलली नव्हती, बाहेरचं मूल तिथे फिरकलं नव्हतं. मी हे सांगितलं तेव्हा साहेब दुसऱ्याच दिवशी रजा टाकून तिथे आले, सगळ्यांना सगळं पुन्हा विचारलं आणि मग मिठाच्या राशीशेजारी मटकन बसले. "म्हाताऱ्याला कांजिन्या आल्या तवा तो आठ वरसांचा व्हता," ते म्हणाले. "तवापासून ह्यो पाठीत बसलाय. आनि आता नातवांना भेटाया आला."

मी म्हटलं, "साहेब, आता लेख लिहा."

"अजून एक हंगाम बघू."

तो हंगाम गेला, पुढचा गेला. मधल्या काळात परदेशातल्या एका डॉक्टरचा ह्याच विषयावरचा लेख आमच्या वाचनालयात आला. तोच विचार, तसंच गावोगाव हिंडून केलेलं काम. मी तो साहेबांच्या टेबलावर आपटला म्हटलं तरी चालेल. त्यांनी तो दोनदा वाचला आणि त्यांचा चेहरा फुलला. "बघा, बरोबर होतं आपलं." आपलं नाव कुठेच नाही ह्याचं त्यांना काही वाटलं नाही. मी त्या दिवशी डबा न खाता घरी आले.

सत्तरच्या सुमाराला आम्ही लसीच्या कामाला लागलो. हा विषाणू बाटलीतही त्रास देणारा. माणसाच्या पेशींना चिकटून राहतो, सुटून वर येत नाही. पेशी वाढवायच्या, त्यांत विषाणू सोडायचा, थोड्या पेशी काढून नव्या बाटलीत घालायच्या, पुन्हा तेच. असं करत गेलं की विषाणू बाटलीतल्या आयुष्याला सरावतो आणि माणसाला आजारी पाडण्याची त्याची ताकद कमी होत जाते. कधी वीज जायची, कधी बाटलीत बुरशी धरायची आणि चार महिन्यांचं काम नळाखाली जायचं. साहेब म्हणायचे, "ठीक. पुन्हा." दोन-अडीच वर्षांनी आमच्या फ्रीजरमध्ये अशा कमजोर विषाणूच्या काही कुप्या तयार झाल्या. सशांवर, गिनीपिगवर चाचण्या झाल्या, काही वावगं दिसलं नाही. मला वाटलं, आता तरी.

आणि तेव्हाच आमच्या घरात ते घडलं.

ताईची मुलगी मंगल सहा वर्षांची होती. मूत्रपिंडाच्या दुखण्यानं तिचं अंग सुजायचं. त्यावर ज्या गोळ्या चालू होत्या त्यांनी सूज उतरायची, पण रोगाशी लढायची शक्तीही उतरायची. हिला कांजिण्यांपासून जपा, ह्या मुलांना त्या झेपत नाहीत, असं डॉक्टरांनी ताईला स्पष्ट सांगितलं होतं. एका शनिवारी सकाळी शेजारच्या मुलाच्या अंगावर फोड दिसले. आदल्या दिवशी दुपारभर तो आणि मंगल एकाच चटईवर सागरगोटे खेळत होती.

मी तशीच साहेबांच्या घरी गेले. ते ओट्यावर बसून दाढी करत होते.

"साहेब, फ्रीजरमध्ये लस आहे. मंगलला एक टोचा. जबाबदारी माझी."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नाही."

"का नाही?"

"तो जिवंत विषाणू आहे, सावंतबाई. तुमच्या-माझ्या अंगात तो कमजोर. त्या मुलीच्या अंगात त्याला अडवणारं कुणी नाही. तिथे तो कमजोर राहीलच असं मी सांगू शकत नाही."

"मग काय करू? बसून बघू?"

ते उठून आत गेले. मला वाटलं, टाळलं. पाच मिनिटांनी अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून बाहेर आले ते घरांच्या नोंदीच्या वह्या घेऊन, आणि जमिनीवर बसून पानं उलटायला लागले. माझ्या भाचीचा जीव टांगणीला आणि हा माणूस वह्या काढतो. त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला होता की मी वळून चालायला लागले.

"थांबा," ते म्हणाले. "मुर्ध्याची हिरूबाय. नागीण होऊन पाच आठवडे. खपल्या पडल्या का?"

"पडल्या. मागच्या रविवारी तुम्हीच मला परत बघायला पाठवलं होतं."

"मग चला. नुकत्याच नागिणीतून उठलेल्या माणसाच्या रक्तात ह्या विषाणूशी लढणारी शक्ती भरपूर असते. ती मंगलला उसनी द्यायची. पण तीन दिवसांच्या आत. आज दुसरा."

त्यांनी तोंड धुतलं आणि आम्ही निघालो. रेल्वेचं फाटक ओलांडून पश्चिमेला आलो, टांगा केला. हिरूबाय पासष्टीच्या पुढची, अंगणात सुकट निवडत बसली होती. रक्त म्हटल्यावर तिचे दोन्ही मुलगे पुढे आले. "म्हातारीचं रगत काडाल तं ती उरंल काय?" थोरला म्हणाला. साहेब त्याच्याशी वाद घालत बसले नाहीत. ते हिरूबायसमोर उकिडवे बसले आणि त्यांनी तिला मुलगी कोण, तिला काय झालंय, रक्त किती लागेल, ते काढताना किती दुखेल, हे सगळं घरच्या बोलीत सांगितलं. "तू नाय बोललीस तं आमी जाव," हेही सांगितलं.

हिरूबायनं सुकटीचे हात पदराला पुसले. "दोन वरसं झाली तू माज्या घरी येतंस," ती म्हणाली. "दर खेपेला इचारतंस, घरात कुनाला कवा झाला, कुटं झाला. आज पयल्यांदा काय मागाया आलास. पोरगी कवरी हाय?"

"सा वरसांची."

"थांब मंग. लुगडं बदलून येतंय."

दुपारी तिला घेऊन आम्ही मुंबईच्या मुलांच्या इस्पितळात पोचलो. आधी रक्तगट जुळतो का ते पाहिलं. जुळला. रक्त काढून त्यातला पिवळा पातळ भाग वेगळा केला आणि संध्याकाळी तो थेंबाथेंबानं मंगलच्या अंगात गेला. हिरूबाय बाकावर चहा पीत ते बघत होती. मुलगी रडेना म्हणून तिला फार कौतुक वाटलं.

पुढचे दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक. साहेब रोज संध्याकाळी यायचे, मंगलला उभी करून पुढून-मागून बघायचे आणि जायचे. सतराव्या दिवशी फोड उठले. सात. ताप नावापुरता आला. आठवड्यात खपल्या पडल्या आणि मुलगी पुन्हा सागरगोटे मागायला लागली. ताई साहेबांच्या पाया पडायला वाकली तर ते मागे सरकले आणि म्हणाले, "एका मुलीवरून काही ठरत नाही. रक्त दिलं नसतं तरी सातच आले असते, कुणी सांगावं."

मी खोलीतून बाहेर गेले. परत आल्यावर त्यांनी मला नोंद करायला सांगितली. मी लिहिलं, "मुलगी पूर्ण बरी झाली." त्यांनी ते खोडून लिहिलं, "मुलगी सध्या बरी दिसते." त्यांच्याशी त्यानंतर चार दिवस मी कामापुरतंच बोलले. पाचव्या दिवशी कळलं की ते मंगलला सायकलवर पुढे बसवून मुर्ध्याला घेऊन गेले होते. हिरूबायनं मुलगी बघायला हवी, एवढंच ते म्हणाले.

मंगलची हकिकत संस्थेत पसरली आणि संचालकांना लसीची आठवण झाली. ते म्हणाले, एका अनाथाश्रमाशी बोलणं झालंय, तिथल्या मुलांना टोचू, वर्षात निकाल हातात येईल. मी मनातून त्यांच्याच बाजूची होते. किती मुलं दर साल ह्या रोगानं जातात ते आता मला कळलं होतं. साहेब सभेत उभे राहिले. "हा विषाणू अंगात घर करतो," ते म्हणाले. "मी कमजोर केलेलाही करील. चाळीस वर्षांनी तो बाहेर आला तर जाब द्यायला मी नसेन, तुम्ही नसाल. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याला मी टोचणार नाही."

"मग कुणाला टोचणार?" संचालकांनी विचारलं.

"ज्याला म्हणता येतं त्याला."

तसं कुणी मिळेना. मोठ्या माणसांना बहुधा लहानपणी येऊन गेलेल्या असतात. हे रडगाणं एकदा त्यांच्या घरी चहा पिताना माझ्या तोंडून गेलं, तेव्हा वहिनी आतून म्हणाल्या, "मला नाही आलेल्या." त्या आमच्या रत्नागिरीकडच्याच, डोंगरातल्या एका चार घरांच्या वाडीतल्या. गावभर ज्यांनी तो प्रश्न विचारला त्यांनी स्वतःच्या बायकोला तो विचारला नव्हता. साहेब कप खाली ठेवायचे विसरले.

वहिनींचं रक्त तपासलं. खरंच, कांजिण्यांची काही खूण नव्हती. मग सहा महिने नवराबायकोत भांडण चाललं, आणि नेहमीच्या उलट चाललं. वहिनी म्हणत टोचा, साहेब म्हणत नको. "ज्याला नाही म्हणता येतं त्यालाच टोचायचं ना?" वहिनी म्हणाल्या. "मला येतं. वीस वर्षं म्हणतेय. तुम्ही ऐकत नाही ही गोष्ट वेगळी. आता पहिल्यांदा हो म्हणतेय, तर तेही ऐकायचं नाही?"

शेवटी संस्थेची रीतसर परवानगी घेतली, वहिनींनी तीन पानी कागदावर सही केली आणि चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात त्यांना लस टोचली. टोचायची वेळ आली तेव्हा साहेबांनी सुई माझ्या हातात दिली. दहाव्या दिवशी दंडावर तीन फोड आले आणि गेले. महिन्यानं रक्तात हवी ती शक्ती दिसली. लस लागू पडली होती. त्यानंतर दर महिन्याला एक तक्ता घेऊन साहेब स्वतःच्या बायकोसमोर बसायचे. कुठे आग होते का, मुंग्या येतात का, भूक लागते का. वहिनी म्हणायच्या, "तुम्ही वेळेवर घरी आलात तर लागेल." साहेब तेही लिहायचे.

त्याच सुमारास पूर्वेकडच्या एका देशात अशीच लस तयार होऊन मुलांना दिल्याची बातमी आली. आमच्या संचालकांनी ह्या कामाचा नाद सोडला आणि विभाग दुसऱ्या रोगाकडे वळवला. कुप्या राहिल्या, मग त्यांची जागा दुसऱ्या कशाला तरी लागली. दहा वर्षं मी ज्या कामात घातली ते एका दुपारी निकाली निघालं. साहेब म्हणाले, "लस झाली ना? कुणीतरी केली. मुलांना मिळेल." मी म्हटलं, "तुम्ही थोडी घाई केली असती तर ती आपली झाली असती." "झाली असती," ते म्हणाले. एवढं एकच वाक्य मी त्यांच्या तोंडून असं ऐकलं, आणि ते काढून घ्यायला नको होतं असं मला लगेच वाटलं.

सत्त्याहत्तरला ते निवृत्त झाले. दोन वर्षांनी त्यांच्या हृदयानं दगा द्यायला सुरुवात केली. मी भेटायला गेले तेव्हा उशांना टेकून बसले होते, बोलताना धाप लागत होती.

"सावंतबाई, तुमचं वय काय आता?"

"छत्तीस."

"हिला टोचून पाच वर्षं झाली. राहिली पस्तीस. तेव्हा तुम्ही एकाहत्तरच्या. होईल तुमच्याच्यानं."

मी म्हटलं, "साहेब, माझं लग्न झालंय, घर आहे, मूल आहे. मी काय जन्मभर वहिनींना मुंग्या येतात का विचारत फिरू?"

"जन्मभर कुठे," ते म्हणाले. "पस्तीसच."

मी रागानंच घरी आले. पुढच्या आठवड्यात ते गेले. अंत्ययात्रेला मुर्ध्याहून, डोंगरीहून लोक आले होते. त्यांतले पुष्कळ जण मला ओळखत होते, आणि उजवीकडे की डावीकडे, हे कुणाचं कुठे होतं ते मलाही आठवत होतं.

महिना झाल्यावर मी वहिनींकडे गेले. तक्ता पिशवीत होता, पण तो बाहेर काढायचा माझा धीर होईना. चहा झाला, मुलांची विचारपूस झाली. मी निघायला उठले.

"विचारायचं राहिलं ना?" वहिनी म्हणाल्या.

मी परत बसले. पेन काढलं. पाठीत, कमरेत, छातीच्या एका बाजूला आग होते का?

"नाही."

"मुंग्या?"

"उजव्या पायाला येतात. मांडी घालून फार वेळ बसलं की. उठलं की जातात. ते पण लिही." एरवी थट्टा करणाऱ्या वहिनी एकेक उत्तर विचार करून देत होत्या.

"अंगावर पुरळ, फोड?"

"नाही."

"झोप?"

त्यांनी चहाचे कप उचलून बाजूला ठेवले.

"लागत नाही," त्या म्हणाल्या. "पण ते लसीमुळे नाही. तसं नीट लिही."

मी तसं लिहिलं.